जाड कागद

मे महिना, मुरार. सकाळी आठालाच
पाना हातात धरवत नाही.
घुरैया ट्रक लावून गेलाय. शक्तिमान,
लष्कराच्या लिलावातला. हिरव्यावर पिवळा रंग फासलाय,
तरी नंबरपाटीच्या कोपऱ्यात
वर तोंड केलेला बाण अजून ओळखू येतो.
बिलौआच्या खाणीतून दगड वाहतो बिचारा.
"दर दहा कोसांवर पाणी मागतो," घुरैया म्हणाला,
"माझी म्हैस बरी."

बाबा उलट्या क्रेटवर.
हात थरथरायला लागल्यापासून ते फक्त ऐकतात.
"पंखा धरून हलव."
हलवला.
"वाजला?"
वाजला.
"बेअरिंग गेलं. सील त्याच्याही आधी."

रेडिएटरची तोटी सोडली. चहाच्या रंगाचं पाणी
घमेलं भरून अंगणात गेलं,
एक कुत्रं येऊन हुंगून परतलं.
पट्टा सैल केला, पंखा उतरवला.
सहापैकी पाच बोल्ट बऱ्या बोलाने आले,
सहावा गंजून घरजावई झालेला.
रॉकेल, एक ठोका. रॉकेल, एक शिवी.
शिवी मी मनातच दिली होती,
बाबांनी तीही ऐकली.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं.
आत सील गेलं की तिथून थेंब पडतो,
बाहेरच्याला कळावं म्हणून.
कुणीतरी ते एम-सीलने बुजवलं होतं,
वर अंगठ्याचा ठसा, अगदी स्पष्ट.
मग पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीसची लापशी झाली.
"गळती थांबवली शहाण्याने," बाबा म्हणाले
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरा पंप कबाडी बाजारातून मिळाला.
गॅस्केट काही त्याच्यासोबत येत नाही,
ते आपणच कापायचं.
लोखंडी कपाटाचा खालचा खण.
मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.
तीनशे छापल्या होत्या, कागद खास झाशीहून आणलेला.
वाटायच्या आदल्या आठवड्यात त्या लोकांचा निरोप आला.
मुलीचे हात त्यांना कुणीतरी दाखवले होते म्हणे.

पत्रिका पंपाच्या तोंडावर धरली,
गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिचवत गेले.
घाई केली नाही तर कागद आपणहून सुटतो.
बोल्टाचं एक भोक 'श्रीकृपेकरून'मधून गेलं,
एक मुहूर्तातून, दहा बेचाळीस,
एक हेरंबच्या नावाखालच्या बी.कॉम.मधून.
'चि. सौ. कां. वृंदा' पाण्याच्या वाटेत येत होतं,
तेवढा गोल तुकडा खाली पडला.
'आहेर आणू नयेत' मात्र शाबूत राहिलं.

दोन्ही अंगांना ग्रीस चोपडताना हिशोब केला:
अकरा वर्षं वाटणं चालूच आहे की.
भिंडच्या एका ट्रॅक्टरला गेली, दोन जोंगांना,
डबऱ्याच्या शेलर गिरणीला तर सहकुटुंब.
सगळीकडे जपून ठेवलीय, दोन लोखंडांमध्ये दाबून,
एक थेंब बाहेर येऊ दिलेला नाही.

बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, थोडे थोडे,
एका बाजूने रुसवा राहिला की तिथूनच पाझरतं.
हे बाबा दर वेळी सांगतात.
दर वेळी मी हो म्हणते.

ऊन उतरल्यावर पाणी भरलं, इंजिन लावलं.
बाबा मान तिरकी करून, डोळे मिटून.
मी खाली आडवी, त्या भोकाखाली बोट धरून.
दहा मिनिटं.
वीस.
बोट कोरडं. काटा ऐंशीवर जाऊन बसला.

घुरैयाने पैसे मोजले, शंभर कमी,
आणि धूळ उडवत निघून गेला.
पाने पुसून मी डब्यात ठेवत होते.
"किती उरल्या?" बाबांनी विचारलं.
"एकशे चाळीस असतील."
"जपून वापर गं.
असा कागद आता मिळत नाही."